आधी कच्चे, मग पक्के

माझी मोठी बहीण कुजबुजली तरी शेजारच्या गल्लीतली माणसं वळून बघतात. सरकारी हॉस्पिटलच्या धुलाईघरात तीसेक वर्षं काढली की असंच होतं. तिथे खोलीएवढी मशिनं दिवसभर धडधडत असतात, वाफ सुसाट सुटलेली असते, आणि 'जरा ती चादर दे' एवढं सांगायलाही बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. घरी आली तरी तिचा आवाज काही खाली येत नाही. ती माझ्या कानात एखादं गुपित सांगते आणि वरच्या मजल्यावरच्या आजी वरूनच त्यावर आपलं मत देतात.

मी तिला ताई म्हणते. हॉस्पिटलात सगळे सेक्रेटरीताई म्हणतात, कारण तिथल्या कामगार संघटनेची ती सेक्रेटरी. झाडूवाले, धुलाईवाले, आचारी, वॉर्डातल्या आया, या सगळ्यांची ती संघटना. भाऊजी गेल्यापासून ताई आमच्याकडेच राहते. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागची तिची, स्वयंपाकघर सामाईक आणि भांडणंही सामाईक. मी घरीच शिवणकाम करते. माझे यजमान अर्थखात्यात कारकून आहेत, म्हणून ताई त्यांना 'खजिनदार' म्हणते. म्हणजे जेवायला बसलं की टेबलाच्या एका बाजूला तिजोरी, दुसऱ्या बाजूला मोर्चा, आणि मध्ये मी, दोघांना वाढणारी.

संघटनेत ती पडली ती हातमोज्यांमुळे. ती नोकरीला लागली तेव्हा वॉर्डातून आलेले कपडे उघड्या हातांनी निवडायचे. त्या गाठोड्यांत काय निघायचं नाही? सुया निघायच्या, ब्लेडं निघायची, एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली. एका बाईच्या बोटात सुई घुसली आणि हात कोपरापर्यंत सुजला, तेव्हा ताई हातमोजे मागायला अधीक्षकांकडे गेली. ते म्हणाले, "बाई, तक्रार तुमची एकटीचीच दिसते. बाकी कुणाला काही त्रास नाही." ताई परत गेली आणि धुलाईघरातल्या सगळ्यांना, होते तसे ओल्या कपड्यांनिशी, साहेबांच्या गालिच्यावर आणून उभं केलं. हातमोजे आठवड्यात आले. संघटना म्हणजे काय ते ताईला त्या दिवशी कळलं. मला एवढंच कळलं, की आता ही वेळेवर जेवायला घरी यायची नाही.

संघटना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मुठी आवळलेले वाघ येतात. मी जे पाहिलंय ते सांगते. सभेला सात जण, चहाला सतरा. फलक कापडी करायचा की कागदी, यावर दोन बैठका. घोषणेत यमक जुळत नाही म्हणून हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला आचारी रुसून बसलेला. कुणाची बदली झाली, कुणाला साहेब घालूनपाडून बोलला, कुणाची बाळंतपणाची रजा नाकारली, की तो माणूस थेट आमच्या दारात. मी चिडले की ताई म्हणायची, "अगं, त्यांना दुसरं कोण आहे?" आणि हिला कोण आहे, ते मात्र कुणी विचारायचं नाही. मी आहे ना, ताट झाकून ठेवायला!

पण एक गोष्ट मला रागातही कबूल करावी लागते. या लोकांनी संप केला तरी रोग्याला कधी उघडं पाडलं नाही. संपाच्या दिवशीही ऑपरेशन थिएटरचे कपडे धुवून, वाफेवर निर्जंतुक होऊन गेलेच पाहिजेत, असा यांचाच नियम. त्यासाठी थोडी माणसं आत कामावर ठेवायची, त्याला 'तातडीची पाळी' म्हणायचं. आता या पाळीवर कुणाला ठेवायचं? तुम्हाआम्हाला वाटेल, ज्याला संपात फारसा रस नाही त्याला ठेवावं. छे! तिथे संघटनेतले सगळ्यांत पक्के लोक ठेवायचे. कच्चा माणूस मशीनपाशी उभा राहिला की अधीक्षक गोड बोलून त्याच्याकडून अख्ख्या हॉस्पिटलचं धुणं काढून घेणार आणि संप फुस्स होणार. पक्का माणूस थिएटरपुरतं देईल आणि हात बांधून उभा राहील. दंडाला काळी फीत बांधून ही पाळी करणारा माणूस संपावरच धरला जायचा. उलट मान त्यालाच जास्त. वर्षानुवर्षांची ही रीत, आणि तिच्यातच पुढे यांचे पाय अडकले.

मग सरकार बदललं. नवे अर्थमंत्री आले आणि अंदाजपत्रकात मोठं भगदाड पडलंय असं त्यांनी जाहीर केलं. ते पडलं कसं, यावर कुणी फार बोललं नाही. बुजवायचं कुणी, यावर मात्र लगेच एकमत झालं. सरकारी नोकरांनी! कायदा आला. संघटनेने मूळ पगार सोडून दुसऱ्या कशावर बोलायचं नाही. पाळ्या, रजा, हातमोजे, सगळं साहेबांच्या मर्जीवर. आणि संघटनेला मान्यता टिकवायची असेल तर दर वर्षी मतदान. त्यातही आलेल्यांपैकी निम्मे नव्हेत, तर पटावर जेवढे कर्मचारी आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं संघटनेला पडली पाहिजेत. जो आलाच नाही तो विरोधात धरायचा. तापाने फणफणलेला विरोधात, बाळंतीण विरोधात, आईला पोचवायला स्मशानात गेलेला, तोही विरोधात. पोलिसांना आणि बंबवाल्यांना मात्र यातून वगळलं, कारण निवडणुकीत त्यांच्या संघटना मंत्र्यांच्या बाजूने होत्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आमच्या जेवणाच्या टेबलावर तर या कायद्याने वीट आणला.

"ताई, तिजोरीत खरंच खडखडाट आहे हो," यजमान म्हणायचे. "मी स्वतः आकडे बघतो."

"बड्या कंपन्यांचा कर माफ केलात, तेव्हा नाही का ऐकू आला हा खडखडाट, खजिनदार?"

"मी माफ केला का? मी आपला बेरजा करणारा माणूस."

"बेरजा तुम्ही करता आणि वजाबाकी होते आमची!"

"पण निम्म्याहून जास्त मतं मागितली तर बिघडलं काय? लोकशाहीच आहे की."

"मग हाच नियम तुमच्या मंत्र्यांना लावा. मतदानाला न आलेला प्रत्येक जण विरोधात धरा. सभागृहात झाडूवाल्याशिवाय कुणी उरणार नाही. आणि झाडूवाला आमच्या संघटनेत आहे!"

यजमानांना ठसका लागला. हसू दाबायला गेले की त्यांना हमखास ठसका लागतो. मला मात्र हसू आलं नाही. भाजी गार होत होती.

मोर्चे निघाले. सभागृहाच्या पायऱ्यांवर लोक आठवडाभर बसून राहिले. यमक जुळल्यावर आचारीही गेला. कायदा व्हायचा तो झालाच, आणि आमच्या हॉस्पिटलच्या मतदानाचा दिवस ठरला. कमी पडलं तर संघटनेची मान्यता रद्द. ताईने तीस वर्षं जे जमवलं होतं ते सगळं एका दिवसात पुसलं जाणार. ती घरोघर हिंडली. जिने चढून चढून तिचे गुडघे सुजले. मी रात्री तेल चोळून देताना म्हणाले, "ज्यांच्यासाठी मरतेस त्यांना तेवढंही कळत नाही? आमंत्रण कसलं द्यायचं?" ती म्हणाली, "कळतं गं. पण माणूस कळून पण घरी बसतो."

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ती शेजारणीला सांगावं तशा उत्साहाने मला दुसऱ्या दिवसाचा बेत सांगत होती. मतदान नर्सिंग शाळेच्या हॉलमध्ये, रस्त्याच्या पलीकडे, सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत. दिवसभर सगळे मत द्यायला जाणार, तेव्हा थिएटरचे कपडे अडू नयेत म्हणून धुलाईघरात तातडीची पाळी लावलेली. पाळीवर अकरा जण, ती स्वतः धरून. बाकीचे धुलाईवाले मत देऊन आले की चार वाजता यांना सोडवणार.

"अकरा कोण?" मी विचारलं.

"आपले नेहमीचे. पक्के."

"मग या पक्क्यांनी सकाळी पहिलं मत देऊन मोकळं का होऊ नये?"

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी शर्टाला आधी बटणं लावून मग कापड कापा म्हणत होते. "अगं, आधी कच्चे, मग पक्के. नेहमीचंच आहे. कच्च्या माणसाला सकाळीच धरून न्यावं लागतं, दुपारपर्यंत त्याचं मन फिरतं. पक्क्याची काय काळजी? तो काय पळून चाललाय?"

मी गप्प बसले. तीस वर्षं संघटना चालवणारीला मी काय शिकवणार? अजून त्या गप्प बसण्याचा मला राग येतो, पण त्याहून जास्त राग तिचा येतो. एवढी हुशार बाई, साहेबांना कलम अन् कलम तोंडपाठ म्हणून दाखवायची, आणि 'न आलेला विरोधात' हेही त्या कलमांतच होतं ना!

दुसऱ्या दिवशी मी हॉलच्या दाराशी उभी. आचारी येणाऱ्यांच्या नावांपुढे खुणा करत होता, मी लोकांना दार दाखवत होते. कच्चे आले, अगदी ठरल्याप्रमाणे. एक आया येताना नवऱ्याला विचारून आली. एक झाडूवाला म्हणाला, "मत देतो, पण कुणाला सांगू नका," आणि गेटवरच्या दहा जणांना स्वतःच सांगून गेला. एकाला तर आचाऱ्याने दंडाला धरून आणलं. दुपारी आचारी हिशोब करून म्हणाला, "काठावर आहोत. पण पाळीवरचे यायचेत. ते आले की पार."

आणि तीनच्या सुमाराला शहराबाहेरच्या वळणावर प्रवाशांनी भरलेली बस उलटली.

रुग्णवाहिकांवर रुग्णवाहिका येऊ लागल्या. वॉर्डातल्या ज्या आया मत देऊन घरी निघाल्या होत्या, त्या अर्ध्या रस्त्यातून परत फिरल्या. धुलाईघरातले जे कच्चे पाळी सोडवायला चारला यायचे होते, त्यांचा मात्र पत्ता नाही. सुट्टी मिळालीच आहे तर कुणी बाजारात, कुणी मेव्हण्याकडे. फोन लावावा तर बंद. कच्चे ते कच्चेच! साडेचार होत आले तसा आचारी घामाघूम होऊन म्हणाला, "ताईंना घेऊन या. ओढून आणा वाटलं तर."

मी रस्ता ओलांडून धावत धुलाईघरात शिरले. आत पावलापुढचं दिसत नव्हतं, इतकी वाफ. ताई कापडं वाळवून दाबणाऱ्या गरम रोलरच्या तोंडाशी उभी, समोर इस्त्री. इस्त्री म्हणजे धुलाईघरातला सगळ्यांत जुना गडी. ताठ उभा राहायचा आणि कधी कशावरून मोडायचा नाही, म्हणून त्याला हे नाव. दोघं हिरवी कापडं रोलरमध्ये सोडत होती, पलीकडे दोघी ती झेलत होत्या, मागे घड्या, त्यामागे निर्जंतुक करायच्या पेट्या. अकराच्या अकरा कामाला जुंपलेले. आणि प्रत्येकाच्या दंडाला काळी फीत. संप नव्हता, काही नव्हतं. पाळीवर उभं राहायचं म्हणजे फीत बांधायची, या सवयीने सगळ्यांनी सकाळीच बांधली होती.

"ताई, साडेचार झाले! चला सगळे!"

"ही खेप होऊ दे."

"खेप गेली खड्ड्यात! पाचला दार बंद होतं!"

तेवढ्यात थिएटरची सिस्टर दारात आली. तिच्या एप्रनवर रक्त होतं. "दोघं टेबलावर आहेत, तिसरा दारात. कापडं संपत आलीत. किती वेळ?"

सगळे ताईकडे बघायला लागले.

"निम्मे जा, निम्मे थांबा," मी म्हणाले. "एवढं तरी करा!"

"निम्म्यात रोलर चालत नाही, ताई," इस्त्री मला म्हणाला. माझ्यावर तो कधी ओरडला नाही, तेव्हाही नाही. "मधला माणूस काढला की सगळंच थांबतं."

"अहो, मग थांबू दे ना दहा मिनिटं!"

ताई वळली. तिचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच हळू झालेला ऐकला. "आत माणूस उघडा पडलाय गं पोट फाडून. त्याला काय सांगू, मी मत देऊन येते?" ती रडत होती. वाफेचं पाणी नव्हतं ते, मला माहीत आहे. "मला काय कळत नाही असं वाटतं का तुला? मला सगळं कळतंय. सिस्टर, अर्धा तास."

मला तिचा इतका संताप आला, की समोरची बादली उचलून फेकावीशी वाटली. बादली उचललीही. आणि मग ती बादली घेऊन नळाखाली धरली आणि सांगतील ते करत बसले. काय करणार दुसरं?

खेप पेट्यांत गेली. पेट्या ढकलत सिस्टर थिएटरकडे पळाली आणि हे अकरा जण रस्त्याकडे. पायांत रबरी बूट, अंगावर ओले एप्रन, इस्त्री सगळ्यांच्या पुढे, ताई सुजलेल्या गुडघ्यांनी सगळ्यांच्या मागे. हॉलच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आम्ही पायरीवरच ऐकला.

आचाऱ्याने दार बडवलं. मतदान अधिकाऱ्याने झडप उघडली. माणूस सभ्य होता, तेच वाईट. दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं.

"मला खरंच वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण पाच म्हणजे पाच."

"आम्ही अपघाताचं काम करत होतो," ताई म्हणाली. "ड्युटीवर होतो. विचारा थिएटरमध्ये."

"खरं असणार. पण ड्युटीवरच्यांसाठी कायद्यात काही तरतूद नाही."

"म्हणजे आम्ही विरोधात?" इस्त्रीने विचारलं. "आम्ही अकरा?"

अधिकारी खाली बघत म्हणाला, "आला नाहीत, एवढंच मी लिहिणार."

मतमोजणी लगेच झाली. संघटनेला नऊ मतं कमी पडली. बाहेर पायऱ्यांवर अकरा पक्के बसले होते, दंडाला फिती बांधून. ताईने आपली फीत सोडली, तिची घडी घातली आणि कुठे ठेवावी ते न कळल्यासारखी हातात धरून राहिली. "बांधली म्हणजे धरलं, असं वाटलं बघ मला," ती म्हणाली. "कुठेतरी आत वाटतच राहिलं, की आपण धरलेले आहोत."

दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री जखमींना भेटायला आले. मागे कॅमेरे. अपघातातली सगळी माणसं वाचली होती, आणि त्याचं श्रेय वाटायला मंत्री स्वतः हजर. अधीक्षकांनी त्यांना धुलाईघरातही आणलं. "हेच ते आपले निःस्वार्थ कर्मचारी," मंत्री म्हणाले आणि त्यांनी ताईचा हात दोन्ही हातांत घेतला. "काही अडचण असेल तर सांगा, ताई. मोकळेपणाने सांगा."

ताई म्हणाली, "साहेब, आता अडचण ज्याची त्यानेच सांगायची ना? मग माझी एकटीची काही नाही."

मंत्री हसले. त्यांना बहुधा तो विनय वाटला. संध्याकाळी बातम्यांत तो हात धरलेला फोटो दाखवला, आणि त्याच फोटोखाली मंत्र्यांचं वाक्य: कर्मचाऱ्यांनी स्वतःच संघटना नाकारली आहे. यजमानांनी टीव्ही बंद केला. इतकी वर्षं सरकारची बाजू घेऊन वाद घालणारा माणूस, तो म्हणाला, "ही बेरीज चुकली आहे," आणि जेवण अर्धवट टाकून उठला. ताईने मात्र मुकाट्याने सगळं ताट संपवलं. मला वाटलं, आता ही रडेल, भांडेल, निदान एखादी घोषणा तरी देईल. काही नाही. तिच्या शांतपणाने माझं डोकं उठलं.

आता हॉस्पिटलात आणखी एक रीत होती. सुट्टीच्या दिवशी काही आपत्ती आली, की अधीक्षक ताईला फोन करायचे आणि ताई आपल्या लोकांना. लोक यायचे, कारण संघटनेने तसं ठरवून घेतलं होतं: सुट्टीत आलेल्याला बदली रजा, आणि काम करताना काही झालं तर ते नोकरीतच झालं असं धरायचं. नव्या कायद्याने हे ठरवणं रद्द झालं. फोन करायची सवय मात्र रद्द झाली नव्हती. मान्यता गेल्यावर पुढच्याच महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, पाइप फुटून तळमजल्याचे वॉर्ड भिजले. अधीक्षकांनी ताईला फोन केला, ताईने लोकांना केला, लोक आले. वाफेचा नळ सुटून इस्त्रीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. कार्यालयाने सांगितलं, त्या दिवशी त्यांची ड्युटी नव्हती, ते आपल्या मर्जीने आले होते. भरपाई नाही, भरपगारी रजा नाही. ज्या हॉस्पिटलात तो भाजला, त्याच हॉस्पिटलात त्याने औषधाचे पैसे भरले.

ताई त्याच्या घरी जाऊन आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "त्याच्या बायकोने मला चहा दिला." दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही, म्हणजे वरच्या आजीसुद्धा खाली येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसलो होतो. ताईचा फोन वाजला. अधीक्षक होते. ताईचे फोन ऐकायला कान लावावा लागत नाही. पलीकडचा बोलणाराही ओरडूनच बोलतो, सवयीने. कुठल्याशा वसतिगृहात जेवणातून विषबाधा झाली होती. पोरांनी वॉर्ड भरलेत, उलट्या थांबत नाहीत, खाटांवर घालायला चादरी उरल्या नाहीत. "ताई, तुमची माणसं पाठवा."

"पाठवते, साहेब," ताई म्हणाली. "फक्त आजचा दिवस त्यांच्या ड्युटीत धरतो, असं दोन ओळी लिहून द्या. अर्ध्या तासात सगळे हजर."

"तो अधिकार मला आता नाही हो. वरून मंजुरी लागते, खर्चाचा प्रश्न आहे. आज रविवार, वर कोण भेटणार?"

"मग मलाही अधिकार नाही, साहेब. तुमच्याकडे पट आहे. एकेकाला फोन करा."

"अहो, माझ्या फोनवर कोण येणार? तुमच्या शब्दावर येतात ते!"

"माझ्या शब्दावरच इस्त्री आला होता," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने पुन्हा शेंगा घेतल्या. ती इतक्या जोराने सोलत होती, की दाणे ताटाबाहेर उडत होते. मी तिच्याकडे बघत राहिले. या बाईने जेवणं सोडली, सण सोडले, माझ्या बाळंतपणात अर्ध्यातून उठून गेली, आणि दर वेळी मी तिला शिव्या घातल्या. आता ती बसली होती, आणि मला ते बघवेना.

"ताई, पोरं आहेत गं ती," मी म्हणाले. "ऊठ ना."

"एकटीने रोलर चालत नाही."

"बोलाव मग त्यांना! येतील सगळे. तुलाही माहीत आहे, येतील."

"येतील," ती म्हणाली. "म्हणूनच नाही बोलावत."

फोन पुन्हा वाजायला लागला. ताई त्याच्याकडे बघेना. तो थांबला, आणि परत सुरू झाला.

"घे ना गं," मी अक्षरशः ओरडले. "काय सांगू त्यांना मी?"

ताईने मान वर केली. "सांग, इथे सेक्रेटरी कुणी राहत नाही. धुणं धुणारी एक बाई राहते, आणि आज तिची सुट्टी आहे."

मी फोन उचलला आणि तसंच सांगितलं. पलीकडे अधीक्षकांनी फोन ठेवला नाही. मागून कुठल्या तरी मुलाचं रडणं ऐकू येत होतं, ताईलाही येत असणार, आणि ती एकेक शेंग सोलत होती.